एअर पिस्तूल: ५०० वर अडकलेला स्कोअर आणि डावीकडे खाली जाणारे छर्रे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, नोकरी, उजव्या हाताने नेम, चष्म्याचा नंबर उणे दीड. चार महिन्यांपासून क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल चालू आहे. ६० शॉटना ६०० पैकी ५०० ते ५१० होतात, त्यापुढे गाडी सरकत नाही. बरेच छर्रे डावीकडे खाली, घड्याळाच्या सात-आठच्या दिशेला जातात. सर म्हणतात, "ट्रिगर झटकतोस." पण झटकायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते उमगत नाही. रेंजवर आठवड्यातून दोनदाच जाता येतं. म्हणून घरी रोज शंभर छर्रे मारायची सोय करावी का, स्वतःचं पिस्तूल घ्यावं का, आणि पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत उतरता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

छर्रे कमी पडतात म्हणून स्कोअर अडकलेला नाही. आज जो शॉट हाताला लागला आहे तोच रोज शंभर वेळा मारलात, तर तोच पक्का होईल, त्याच्यातल्या चुकीसकट. तुमची खरी अडचण बहुधा अशी आहे: शॉट सुटायच्या क्षणी तुमची नजर टार्गेटच्या काळ्या गोलावर असते, गोल नेमका जागेवर आलेला दिसला की मेंदू बोटाला "आता!" म्हणतो, आणि त्या "आता" सरशी एकटं बोट हलत नाही, अख्खी मूठ आवळली जाते. सरांना जो झटका दिसतो तो या साखळीचं शेवटचं टोक आहे. सुरुवात डोळ्यापाशी होते. म्हणून नुसतं "ट्रिगर हळू दाब" असं स्वतःला बजावून फरक पडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप (हातात धरायची लाकडी मूठ) तुमच्या हाताच्या मापाची आहे का, ट्रिगर कसा लावलेला आहे, चष्म्यातून फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी) धारदार दिसते का, हे पिस्तूल हातात घेतल्याशिवाय आणि तुम्हाला उभं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ग्रिप मोठी असेल तर बोट ट्रिगरवर तिरपं पडतं आणि शॉट एका बाजूला जातात, मग तुम्ही कितीही काळजी घ्या. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना सरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा धरा. ते तुम्हाला बघत आहेत.

आता जरा हिशोब करू, कारण तो पटला की सरावाची दिशा आपोआप ठरते. १० मीटरच्या पिस्तूल टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रिंगला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. पुढच्या प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी: १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ, ३२ पर्यंत सात.

चूक दोन तऱ्हेने होते. पहिली: फोरसाइट आणि बॅकसाइट (डोळ्याकडची, खाच असलेली साइट) एकमेकांशी अगदी बरोबर जुळलेल्या आहेत, पण हात थरथरतोय आणि अख्खं पिस्तूल समांतर सरकतंय. इथे पिस्तूल ८ मिलिमीटर सरकलं तर टार्गेटवरचं भोकही ८ मिलिमीटरच सरकतं. दहा शाबूत. दुसरी: हात जागेवर आहे, पण फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत मध्यावरून हलली आहे. दोन्ही साइटमधलं अंतर मॅच पिस्तुलात ३२ सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ही चूक टार्गेटपर्यंत जाताना साधारण तीसपट होते. खाचेत पाव मिलिमीटर हललं तर ७-८ मिलिमीटर, दहा कसाबसा वाचतो. अर्धा मिलिमीटर हललं तर १५, म्हणजे नऊ. एक मिलिमीटर हललं तर ३०, म्हणजे सात.

नवखा माणूस नेमका उलट वागतो. हाताची थरथर त्याला डोळ्यासमोर ढळढळीत दिसते, म्हणून तो तिच्याशीच झगडत राहतो. साइटमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याला दिसतच नाही, कारण नजर काळ्या गोलावर आहे आणि साइट धूसर झाल्या आहेत. ६० शॉटना ५०५ म्हणजे शॉटमागे सरासरी ८.४. चार महिन्यांत तुमची थरथर एवढ्या सातांना जबाबदार असेल असं मला वाटत नाही. ती नऊ आणि दहाच्या पट्ट्यात मावत असणार. सात आणि सहा येतात ते साइट मोडल्यामुळे, म्हणजे त्यांची जुळणी बिघडल्यामुळे.

हे माझ्या शब्दावर मानू नका, एक परीक्षा घ्या. पुढच्या वेळी रेंजवर कागदी टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू समोर. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर कोरं कार्ड कसं लावायचं ते सरांना विचारा. त्या पांढऱ्यावर, अंदाजाने मध्यभागी, दहा छर्रे मारा. मारायला काही खूण नसल्याने नजर आपसूक फोरसाइटवर येते. मग नेहमीच्या टार्गेटवर दहा मारा आणि दोन्ही ग्रुप (भोकांचे पुंजके) शेजारी ठेवून बघा. कोऱ्या कागदावरचा ग्रुप तेवढाच किंवा लहान आला, आणि त्यातली डावी-खालची शेपूट गेली, तर निदान झालं: दोष नजरेचा आहे. कोऱ्यावरही शेपूट तशीच राहिली, तर बोट आणि ग्रिप तपासावी लागेल. सरावाचा बेत या निकालावर ठरवा.

मग बघायचं काय आणि कुठे? फोरसाइटची वरची कड तलवारीच्या धारेसारखी स्पष्ट हवी. बॅकसाइटची खाच किंचित धूसर आणि काळा गोल चांगलाच धूसर दिसला तरी चालेल, किंबहुना तसाच दिसायला हवा. फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन सारख्या पट्ट्या, आणि वरची कड बॅकसाइटच्या कडेशी सपाट. पट्ट्या फारच अरुंद असतील तर डोळा त्यांच्यातला फरक पकडत नाही. बऱ्याच पिस्तुलांत खाचेची रुंदी बदलता येते, सरांकडून थोडी उघडून घ्या.

नेम टेकवायचा कुठे, याचं उत्तर शिकवणाऱ्यागणिक बदलतं. बहुतेक जण काळ्याच्या खाली, पांढऱ्यात नेम टेकवायला सांगतात, आणि नवख्यासाठी मलाही तेच योग्य वाटतं. कारण साधं आहे: काळी फोरसाइट काळ्या गोलावर नेली की तिची कड हरवते, पांढऱ्यावर ती लख्ख दिसते. त्या पांढऱ्यातही एक ठिपका शोधू नका. एक भाग धरा, साधारण सुपारीएवढा, आणि फोरसाइट त्यात तरंगू द्या. ती तरंगणारच. भारतातले, जगातले सगळे पिस्तूल नेमबाज तरंगत्या हातानेच दहा मारतात. फरक एवढाच, की त्यांचा भाग लहान असतो आणि ट्रिगर दाबताना त्यांच्या साइट मोडत नाहीत.

चष्म्याबद्दल. पिस्तूल उचलल्यावर फोरसाइट डोळ्यापासून जवळजवळ एक मीटरवर असते. तुमचा चष्मा दूरचं बघण्यासाठी केलेला आहे. शिवाय मान वळलेली असल्याने तुम्ही काचेच्या मध्यातून न बघता कडेतून बघता आणि प्रतिमा थोडी वाकते. पिस्तूल धरल्यावर फोरसाइट कितीही डोळे रोखले तरी मऊच दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना हे एक मीटरचं अंतर सांगून उजव्या डोळ्याची तपासणी करून घ्या. डावा डोळा मिटू नका. मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उजवाही थकतो. चष्म्याच्या डाव्या काचेसमोर दुधी प्लास्टिकचा तुकडा लावा. पुढून झाकणारी ही पट्टी स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, तेव्हा आत्ताच त्या मापाची करा.

आता ट्रिगर. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलून बघतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. हे ५०० ग्रॅम दोन टप्प्यांत विभागलेले असतात. पहिल्या टप्प्यात ट्रिगर थोडा मागे येतो आणि एका भिंतीला टेकतो. दुसऱ्या टप्प्यात ती भिंत फुटते. पहिल्याला ३५० च्या आसपास आणि दुसऱ्याला उरलेले दीडशे, अशी वाटणी शिकणाऱ्याला सोयीची पडते. पहिला टप्पा फार हलका आणि दुसरा जड असेल, तर भिंतीवर आल्यावर बोट थबकतं, आणि थबकलेलं बोट पुढे झटक्यानेच जातं. क्लबच्या पिस्तुलात असं झालेलं असू शकतं. स्क्रू स्वतः फिरवू नका, सरांना दाखवा.

बोट कुठे ठेवायचं ते नीट बघा. पहिल्या पेराच्या मांसल भागाचा मध्य ट्रिगरवर, सांध्याची घडी नाही. बोटाचा मधला भाग ग्रिपच्या लाकडाला कुठेही चिकटता कामा नये. तिथे एक पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. फट नसेल तर बोट मागे येताना लाकडालाही ढकलतं आणि पिस्तूल डावीकडे वळतं. तुमचे छर्रे तिकडेच जातात, म्हणून ही फट आज तपासाच. बाकीची तीन बोटं सुरुवातीला जितकी घट्ट धरलीत तितकीच शेवटपर्यंत राहिली पाहिजेत. अंगठा मोकळा. मुठीची पकड शॉट सुटताना वाढली, की बोटांची टोकं आत वळतात आणि फोरसाइट खाचेत खाली-डावीकडे बुडी मारते. वर हिशोब केलाच आहे: अर्धा मिलिमीटर बुडी म्हणजे एक गुण, एक मिलिमीटर म्हणजे तीन.

क्रम असा ठेवा. पिस्तूल टार्गेटच्या वर नेताना श्वास घ्या. खाली उतरवताना अर्धा सोडा, आणि उतरता उतरताच ट्रिगरचा पहिला टप्पा घेऊन टाका. म्हणजे भागात पोचाल तेव्हा बोट भिंतीला टेकलेलं असेल. तिथे पोचल्यावर नजर फोरसाइटवर आणि दुसऱ्या टप्प्यावरचा दाब लगेच वाढायला लागलेला. गोल नीट बसायची वाट बघून मग दाब सुरू करायचा नाही. दाब चालू राहतो, साइट तरंगत राहतात, आणि शॉट कधीतरी मधेच सुटतो. तो नेमका कुठल्या क्षणी सुटला याचं थोडंसं आश्चर्य वाटायला हवं. भागात आल्यापासून पाच ते आठ सेकंदांत सुटला तर उत्तम. दहा सेकंद झाले की हात खाली, बिनशर्त. तोपर्यंत स्नायू थकलेले असतात, प्राणवायू कमी पडू लागतो, आणि डोळा एक फसवणूक करतो: बराच वेळ एकटक बघितलं की आधीचं चित्र डोळ्यात राहून जातं, साइट मोडलेल्या असूनही जुळलेल्या वाटतात. ओढूनताणून सोडलेले शॉट सहा-सातात का जातात, त्याचं हे मोठं कारण आहे.

हात खाली घेण्याची लाज वाटू देऊ नका. ६० शॉटमध्ये दहा-पंधरा वेळा पिस्तूल उचलून पुन्हा ठेवलं तर तो चांगला नेमबाज आहे असं मी समजतो. तुमच्या वहीत हा आकडा शून्य असेल, तर तुम्ही नको ते शॉट सोडत आहात.

शॉट सुटल्यावर लगेच मॉनिटरकडे (शॉट कुठे लागला ते दाखवणाऱ्या पडद्याकडे) बघू नका. दोन सेकंद तसेच राहा, ट्रिगर मागे दाबलेलाच, नजर फोरसाइटवर. छर्रा नळीतून बाहेर पडायला आणि दहा मीटर कापायला सेकंदाचा फार लहान अंश लागतो, पण "झालं" असं मनाने आधीच ठरवलं तर हात छर्‍याच्या आधी सैल होतो. त्या दोन सेकंदांत स्वतःशी सांगा, शॉट सुटताना फोरसाइट कुठे होती: "मध्ये", "जरा डावीकडे", "खाली बुडाली". मग मॉनिटर बघा. याला शॉट कॉल करणं म्हणतात. सुरुवातीला दहातले तीन-चार कॉल जुळतील. सात जुळायला लागले की समजा नजर जागेवर आली. स्कोअर त्यानंतर हलतो, आधी नाही.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात, कारण तुमची तक्रार तिथली नाही. पाय खांद्याएवढे लांब, वजन दोन्हीवर सारखं, डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. भागात हात आणा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. फोरसाइट बाजूला गेलेली असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. हाताने ओढलेला हात शॉटच्या वेळी परत जातो. हे प्रत्येक सीरिजच्या (दहा शॉटच्या फेरीच्या) आधी करा. कोपर आणि मनगट कडक, खांदा खाली. बूट सपाट तळाचे, घोटा न झाकणारे. पिस्तुलाच्या स्पर्धेत घोटा झाकलेले बूट चालत नाहीत.

आणि साइटचे क्लिक, म्हणजे साइट सरकवायच्या स्क्रूचे टप्पे. छर्रे डावीकडे खाली जातात म्हणून कुणी तुम्हाला उजवीकडे-वर क्लिक द्यायला सांगितलं तर देऊ नका. झटका दुरुस्त झाला की तेच चांगले शॉट उजवीकडे वर जातील, आणि मग तुम्ही पुन्हा झटका शोधाल. क्लिक फक्त चांगल्या कॉलच्या शॉटवर द्यायचे: पाच शॉट "मध्ये" असे कॉल केले आणि पाचही एकाच जागी बाजूला पडले, तरच.

इथवरचं एका वाक्यात: नजर फोरसाइटवर, साइट जुळलेल्या, हात तरंगू द्या, बोटाचा दाब अखंड. आता हे अंगात कसं मुरवायचं ते बघू, आणि घरच्या सरावाचा प्रश्न तिथेच सुटतो.

मॅच एअर पिस्तुलात ड्राय करायची सोय असते. खटका एका बाजूला केला की ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो, हवा सुटत नाही. नवख्यासाठी ही सोय छर्‍यांच्या डब्यापेक्षा मोलाची आहे. शॉट सुटल्यावर पिस्तूल किंचितही उसळत नाही, त्यामुळे फोरसाइट बुडाली तर ती डोळ्यांना सरळ दिसते. खऱ्या शॉटमध्ये हेच झाकलं जातं. ड्राय पांढऱ्या भिंतीसमोर करा, सुरुवातीचे दोन आठवडे भिंतीवर टार्गेटचा कागदही लावू नका. नियम रेंजचेच: छर्रे दुसऱ्या खोलीत, पिस्तूल रिकामं असल्याची स्वतः खात्री, नळीचं तोंड अशा भिंतीकडे जिच्यामागे कुणी वावरत नाही, शॉट नसताना बोट ट्रिगरबाहेर, पिस्तूल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण). घरात लहान मूल असेल तर काम झालं की पेटी कुलपात.

क्लबचं पिस्तूल घरी मिळणार नाही, हे खरं. मग रेंजवरच्या दोन दिवसांत ड्राय करा आणि घरी हात तयार करा. मॅच पिस्तुलाचं वजन एक किलोच्या आसपास असतं (नियमाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम). एक किलोचं डंबेल सरळ हाताने खांद्याच्या उंचीला धरा: १५ सेकंद धरायचं, ४५ सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. पुढच्या आठवड्यांत हळूहळू २५ सेकंदांपर्यंत जा. खांद्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं तर थांबा. स्नायूंचा थकवा आणि सांध्याचं दुखणं वेगळं असतं. रबरी पट्टीने खांदा बाहेर फिरवायचा व्यायाम आठवड्यातून तीनदा केला तर हे दुखणं बहुधा येत नाही. एका हाताचा खेळ आहे, म्हणून डाव्या हातालाही तेवढाच व्यायाम द्या, नाहीतर पाठ वाकडी होते.

रेंजच्या दिवसाची वाटणी मी अशी करायला सांगतो. आधी २० ड्राय. मग कोऱ्या कार्डावर २० छर्रे. मग टार्गेटवर २० छर्रे, पण मॉनिटर कागदाने झाकून, प्रत्येकाचा कॉल वहीत लिहून, आणि दहा झाल्यावर ताडून बघायचं. मध्ये जिथे झटका जाणवला तिथे लगेच पाच ड्राय. शेवटी दहा छर्रे स्कोअर मोजून. एकूण पन्नास. सर वेळ देत असतील तर आणखी एक करा: पिस्तूल सरांनी भरून तुमच्या हातात द्यायचं, कधी छर्रा घालून, कधी ड्रायवर ठेवून, तुम्हाला न सांगता. ड्राय निघालेल्या वेळी फोरसाइट बुडाली की झटका रंगेहाथ सापडतो. दहा मिनिटं पुरतात. शक्य असेल तर रेंजच्या परवानगीने फोन तिपाईवर ठेवून बोटाचं चित्रीकरण बाजूने करा. शॉटच्या वेळी बाकीची तीन बोटं पांढरी पडताना दिसली तर पकड वाढते आहे.

छर्रे चपट्या डोक्याचे, ४.५ मिलिमीटरचे घ्या, त्याने कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं. या टप्प्यावर महागड्या डब्यांची चाचणी करत बसू नका. छर्रा शिशाचा असतो, सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. डबा उघडा ठेवून चहा पिणारे बरेच दिसतात, तुम्ही तसं करू नका.

हा बेत सहा आठवडे न बदलता करा आणि मधे पूर्ण ६० चा स्कोअर मोजू नका. सहा आठवड्यांनी मोजा. निदान बरोबर असेल तर सगळ्यात आधी सात आणि सहा कमी होतील, दहांची संख्या तेवढीच राहील. तेवढ्याने स्कोअर ५३० च्या पुढे सरकू शकतो. दहा वाढायला त्यानंतरचे महिने लागतात. अंदाजासाठी सांगतो: पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने पात्रता फेरीत ५८० केले, आणि टोकियोत सौरभ चौधरी ५८६ करून पात्रता फेरीत पहिला होता. तुमच्या आणि त्यांच्यामध्ये ७०-८० गुण आहेत. यातले पहिले तीस तुलनेने लवकर मिळतात, शेवटचे दहा वर्षानुवर्षं मागतात.

स्वतःच्या पिस्तुलाची घाई नको. आयातीचं मॅच पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, आणि आज तुमच्या हाताला कुठल्या मापाची ग्रिप लागते हेच ठरलेलं नाही. आधी क्लबमधल्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिस्तुलांनी प्रत्येकी पन्नास ड्राय करून बघा. डोळे मिटून हात उचला आणि उघडा. ज्या ग्रिपमध्ये साइट आपोआप जुळलेल्या दिसतात ती तुमची. जुनं घेणार असाल तर तीन गोष्टी तपासा. हवेचा सिलिंडर २०० बार दाबाला भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबाचा काटा उतरला का ते बघा. सिलिंडरवरची तारीख वाचा, दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन उचलतो का ते बघा. स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल सरावासाठी घेऊ नका. ते शॉटच्या वेळी हादरतं, त्यामुळे जी बुडी बघायला शिकायचं ती त्याच्या हादऱ्यात हरवते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी बिल आणि ओळखपत्राची प्रत पेटीतच ठेवा आणि पिस्तूल नेहमी बंद पेटीतून न्या. राही सरनोबतसारखी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल स्पर्धा मनात असेल, तर तिथे पॉइंट टू टू (०.२२ इंची काडतुसाचं) पिस्तूल लागतं आणि परवान्याचा वेगळा विषय सुरू होतो. एअर पिस्तुलात हात बसेपर्यंत तिकडे वळू नका.

राज्य स्पर्धेत जरूर उतरा, ५३० झाले की उतरा, पदकाचा विचार न करता. आधी जिल्हा किंवा क्लबची एखादी स्पर्धा खेळून घ्या. वेळेचं गणित आत्तापासून अंगवळणी पाडा: इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. शॉटला स्वतःला वीसेक सेकंद लागतात, बाकीचा वेळ हात खाली, डोळे जमिनीकडे, श्वास नेहमीचा. नवखे जवळपास सगळेच पस्तीस-चाळीस मिनिटांत साठ मारून मोकळे होतात, आणि शेवटच्या वीसमध्ये हात गळून पडलेला असतो. सुरुवातीची १५ मिनिटं तयारी आणि साइटरची (गुण न मोजल्या जाणाऱ्या चाचणी शॉटची) असतात. त्यात पहिल्यांदा पाच-सात ड्राय करा, मग साइटर घ्या, आणि शेवटचा साइटर चांगला कॉल झाला की पुढचा छर्रा भरायची घाई न करता एक मिनिट पिस्तूल टेबलावर ठेवा. पहिल्या सीरिजमध्ये हृदय धडधडेल, फोरसाइट नेहमीपेक्षा मोठ्या भागात तरंगेल. त्या वेळी भाग मोठा धरा, सुपारीऐवजी लिंबाएवढा, आणि दाब तोच ठेवा.